किती गार आणि किती वेळ? गार पाण्याबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न: आमच्या घरात गार पाण्यावरून रोज वाद होतात. सासूबाई म्हणतात, जेवताना फ्रिजचं पाणी प्यायलं की पोटात तूप थिजतं. मुलगा जिमनंतर बर्फाच्या पाण्यात बसायला बाणेरला जातो आणि त्याचे पैसे मोजतो. मागच्या आठवड्यात माझ्या हातावर कढईतलं तेल उडालं, तर ह्यांनी बर्फ चोळला आणि शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन आल्या. गार पाणी नेमकं कशाला चालतं, कशाला नाही, ते एकदा नीट सांगाल का?

उत्तर: तुमच्या हातापासूनच सुरुवात करते. वाद पाण्याचे असले तरी कातडी तुमची गेली आहे.

मी गेली ३१ वर्षं पुण्यात पेठेतल्या दवाखान्यात बसते. त्याआधी एका सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात काम केलं. भाजण्याबद्दलची माझी मतं तिथे बनली आणि ती बदलायची वेळ अजून आलेली नाही. तेल उडालं, चहा सांडला, कुकरची वाफ लागली, की कढई बाजूला केली तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथेच राहते आणि खालच्या थरांकडे सरकत जाते. पुढची काही मिनिटं आपण भाजतच असतो. ती उष्णता बाहेर काढायची असते. त्यासाठी नळाचं वाहतं गार पाणी लागतं आणि २० मिनिटं लागतात. दोन मिनिटं हात धरून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारे खूप भेटतात. कुकरला भात लावायचा आणि तो शिजून कुकर उतरेपर्यंत हात नळाखाली ठेवायचा, असं मी बायकांना सांगते. मग लक्षात राहतं. घाबरगुंडीत पहिली काही मिनिटं वाया गेली असली तरी तीन तासांच्या आत हे केलं तर फायदा होतो. ऑस्ट्रेलियात भाजलेल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांना वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरलं होतं त्यांच्यावर कातडी बसवायची पाळी बरीच कमी आली.

मग बर्फ का नको? कारण बर्फाने तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात. आधीच अर्धमेल्या झालेल्या कातडीचं रक्त तोडल्यासारखं होतं, शिवाय बर्फ स्वतःही कातडी जाळतो. टूथपेस्ट, हळद, शाई, कणीक यातलं काहीच उष्णता बाहेर काढत नाही. उलट ते सगळं खरवडून काढताना पेशंट ओरडतो आणि आम्हाला जखमेचा खरा रंग दिसत नाही. बांगड्या आणि अंगठी मात्र पहिल्याच मिनिटात काढा. तासाभराने हात सुजला की अंगठी कापावी लागते. चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका. नंतर स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी सोडायचं आणि बाकी अंग कोरड्या टॉवेलात गुंडाळून ठेवायचं, नाहीतर मूल गारठतं.

एक बाई आठवतात. दीड वर्षाच्या मुलाने चहाचं पातेलं ओढून घेतलं, छातीवर सांडला. वाड्यात दोन बिऱ्हाडांत मिळून एक नळ आणि त्या वेळी पाणी गेलेलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, पिंपातलं तांब्या-तांब्याने ओतत बसले, दुसरं काय करणार?” भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी पूर्ण पिंप रिकामं केलं होतं. कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या मुलाच्या छातीवर आज डाग शोधावा लागतो.

भाजल्यासारखंच, पण त्याहून वाईट, म्हणजे डोळ्यात चुना. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोराच्या हाती लागते, ते ती दाबतं आणि पुडी फुटून चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा. आम्लाने पेशींचं वरचं पापुद्र्यासारखं आवरण गोठतं आणि ते आम्लालाच पुढे जायला अडवतं. अल्कली पेशींमधल्या मेदाचा साबण करत आत शिरत जातो. इथे डॉक्टरकडे पळण्याआधी पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरा, मूल कितीही रडू दे, नळाच्या हलक्या धारेखाली निदान २० ते ३० मिनिटं डोळा धुवा, पापणीच्या आत अडकलेले कण ओल्या कापडाच्या टोकाने काढा आणि मग रिक्षा बघा. रिक्षात बसल्यावरही बाटलीने धुणं चालू ठेवलं तर उत्तम. हे पाणी बर्फाचं नसतं, फक्त भरपूर असतं. कळीचा कोरडा चुना अंगावर पडला असेल तर मात्र आधी झटकून काढा, मग पाणी. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळल्यासारखा तापतो, हे ज्यांनी घरी चुना भिजवलाय त्यांना सांगायला नको.

आता उलट टोक, म्हणजे जिथे बर्फ हवाच. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, दुपारी साडेअकराच्या सुमाराला, पोलीस भरतीचा सराव करणारा एकवीसेक वर्षांचा मुलगा मित्रांनी रिक्षातून आणला. असंबद्ध बडबडत होता, आम्हाला ओळखत नव्हता, अंग तव्यासारखं. काखेतल्या थर्मामीटरवर अशा वेळी भरवसा ठेवायचा नसतो. गुदद्वारातून मोजलं तर ताप ४१ अंशांच्या वर. मी त्याला व्हरांड्यात फरशीवर आडवं केलं, कपडे काढले, बादल्यांनी पाणी ओतलं, दोन टेबलफॅन लावले आणि कंपाउंडरला शेजारच्या रसवंतीत पिटाळलं. रसवंतीवाल्याने लादीचा निम्मा बर्फ गोणपाटासकट दिला, पैसे घेतले नाहीत. मान, काखा, जांघा बर्फाने भरल्या. ॲम्ब्युलन्स यायला जवळजवळ अर्धा तास लागला, तोवर पोरगा स्वतःचं नाव सांगायला लागला होता.

उष्माघात म्हणजे शरीराचं तापमान ४० अंशांपुढे आणि सोबत मेंदू भरकटलेला. यात मिनिटं मोजायची असतात. सगळ्यात वेगवान उपाय म्हणजे गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं. त्याने मिनिटाला साधारण ०.२ अंश उतार पडतो, म्हणजे दहा मिनिटांत दोन अंश. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथला उन्हाळ्यात रस्त्यावरची शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ धावपटूंना असं टबात बसवलं. एकही दगावला नाही. एरवी या आजाराने तरणीताठी माणसं जातात, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं. आपल्याकडे शर्यती वाढल्या, टी-शर्ट आणि मेडल वाढली, पण शेवटच्या रेषेपाशी पाण्याने भरलेला टब मला अजून क्वचितच दिसतो.

मग ताप आलेल्या मुलालाही गार पाण्यात बसवायचं का? अजिबात नाही. दोन्हीत अंग तापतं, पण कारण वेगळं असतं. तापात मेंदूनेच ठरवलेलं असतं की आता ३९ अंश हवेत. गार पाणी ओतलंत की मेंदूला वाटतं तापमान कमी पडतंय. तो कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतो, मुलाला हुडहुडी भरवतो आणि ताप पुन्हा वर नेतो. पॅरासिटामॉल मेंदूची ती ठरवलेली रेषा खाली आणतं, म्हणून तापात ते चालतं. उष्माघातात मेंदूने काही ठरवलेलंच नसतं, बाहेरची किंवा श्रमाने अंगातच तयार झालेली उष्णता साठलेली असते, म्हणून तिथे पॅरासिटामॉल उपयोगी नाही. तापाला कोमट पाण्याने अंग पुसलं तर बरं वाटतं, तेवढं ठीक. कपाळावर पट्ट्या ठेवायच्या तर ठेवा. माझी आजी त्यात कोलन वॉटर घालायची. त्याने ताप उतरायचा नाही, पण तो वास आला की आजारपण सुसह्य व्हायचं, हे मात्र खरं.

त्या भरतीवाल्या मुलाला पंखे का लावले ते सांगायचं राहिलं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि भरपूर घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी पुरते, पण अंगावरून ते एक ग्रॅम वाफ होऊन उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. तुमचा माठ याच हिशोबावर चालतो. दहा लिटरच्या माठातून फक्त १०० ग्रॅम, म्हणजे शंभरावा हिस्सा पाणी पाझरून उडालं, तरी उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी गार होतं. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी, म्हणून इथे माठाचं पाणी दाताला लागतं. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ नुसता घाम गाळत बसतो. जुलैत आपल्याकडेही तेच. आणि माठ नवा आहे, आत ठेवलाय, पाणी गार होत नाही अशी तक्रार असेल तर त्याला वारा लागू द्या. कुणीतरी त्याला हौसेने ऑइलपेंट लावला असेल तर त्याची आता फुलदाणीच करा, भोकं बुजली.

पिण्याच्या पाण्याकडे येऊ. तुमच्या सासूबाईंना सांगा, पण जरा बेताने सांगा, की पोटात तूप थिजत नाही. फ्रिजमधलं पेलाभर पाणी पोटात गेल्यावर थोड्याच वेळात अंगाच्या तापमानाला येतं. तूप पचवायचं काम पित्त आणि स्वादुपिंडाचे रस करतात, त्यांना या पेलाभर पाण्याचं काही देणंघेणं नसतं. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, गार पाण्यामुळे नाही. पण सासूबाई सगळ्याच चुकतात असंही नाही. अर्धशिशी असलेल्यांना गार पाण्याचा घोट कपाळात चढतो. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा आजार असेल तर गार पाणी छातीत अडकतं. दात शिवशिवत असतील तर प्रश्नच नाही. शिवाय फ्रिजचं पाणी माणूस घोट-घोट पितो आणि थांबतो. उन्हातून आलेल्या माणसाला मनसोक्त प्यायला दिलं तर तो १५-१६ अंशांच्या आसपासचं पाणी सगळ्यात जास्त पितो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे फ्रिजपेक्षा माठाच्या जवळचं. उन्हाळ्यात जुलाबाच्या पेशंटला मी मीठ-साखरेचं पाणी गारसर करूनच द्यायला सांगते. कोमट दिलं तर पोरं थुंकून टाकतात.

बर्फाचं पाणी पिऊन वजन उतरतं असा एक मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. हिशोब करू. ५ अंशांचं एक लिटर पाणी ३७ अंशांवर आणायला शरीराला ३२ किलोकॅलरी लागतात. तीन लिटर प्यायल्यावर कशीबशी एक पोळी खर्ची पडते, तीही बिनतुपाची.

आता चिरंजीव. मुरगळलं, ठेच लागली, की पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर दुखणं कमी होतं, हे मी आजही सांगते. पण ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंचावर ठेवणं’ हा चार शब्दांचा मंत्र १९७८ मध्ये ज्यांनी दिला, त्या अमेरिकी डॉ. गेब मिरकिन यांनीच पुढे सांगितलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. सूज हा दुरुस्तीचाच भाग असतो. म्हणून बर्फ दुखण्यापुरता, दिवसभर नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी तर तळपायाला बर्फ लावूच नये. कातडी जळली तरी त्यांना कळत नाही, असे तळपाय मी दरवर्षी बघते.

बर्फाच्या टबात १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहाएक मिनिटं बसल्याने दुसऱ्या दिवशीचं अंग आंबणं कमी होतं. ज्याला लागोपाठ दोन दिवस सामने खेळायचे आहेत त्याला हे उपयोगी. पण तुमचा मुलगा दंड भरावेत म्हणून वजनं उचलत असेल तर त्याने पैसे वाचवावेत. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात १२ आठवडे वजनं उचलणाऱ्यांपैकी जे दरवेळी नंतर गार पाण्यात बसले त्यांचे स्नायू कमी वाढले. ज्या जळजळीला आपण विझवायला बघतो तीच स्नायूला वाढायचा निरोप देत असते. हे मी एका जिमवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मॅडम, पण रीलमध्ये टब चांगला दिसतो.” प्रामाणिक माणूस.

आणि एक तपासणी मुलाची आधी करा. थंडीतल्या पहाटे तलावात उडी मारल्यावर ‘हां’ करून श्वास आपोआप आत ओढला जातो आणि छाती धडधडते, त्या पहिल्या एक-दोन मिनिटांत हृदयावर सगळ्यात जास्त ताण असतो. रक्तदाब झटकन चढतो. १९३० च्या दशकात अमेरिकी डॉक्टरांनी हात मिनिटभर बर्फाच्या पाण्यात बुडवून रक्तदाब किती चढतो हे मोजायची चाचणीच काढली होती. नुसत्या हाताने एवढं होतं, तर गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाचं काय होत असेल? घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर टबात उतरण्याआधी ईसीजी. एकट्याने कधीच नाही.

गंमत म्हणजे अंग बुडवलं तर हृदय पळतं आणि फक्त तोंड बुडवलं तर मंदावतं. पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्या सस्तन प्राण्यांत ही सोय आहे, देवमाशात जास्त, आपल्यात थोडी. एकदा हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आली, बसल्या-बसल्या एकाएकी धडधड सुरू झालेली, नाडी १९० च्या घरात, पण रक्तदाब ठीक, शुद्ध पक्की. ईसीजीवर हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून सुरू होणारा तो ठरावीक वेग दिसला. स्टीलच्या परातीत पाणी आणि दोन ट्रे बर्फ टाकला, तिला श्वास रोखून कपाळापर्यंत चेहरा बुडवायला सांगितलं. पहिल्यांदा घाबरून वर आली. दुसऱ्यांदा वीसेक सेकंद टिकली आणि पट्टीवर एक लांब सपाट रेघ येऊन वेग ८८ वर आला. त्या सपाट रेघेच्या दीड सेकंदात माझंच हृदय थांबायची वेळ आली होती. हे दरवेळी जमत नाही, जमलं नाही तर औषधं असतात. छातीत दुखत असेल, चक्कर असेल, वय झालेलं असेल, तर घरी परात काढू नका.

गार पाण्याचा सगळ्यात अजब उपयोग कानात आहे. व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी पेशंटचे कान पिचकारीने धुवायचे. पेशंट तक्रार करायचे की चक्कर येते. एकाने सांगितलं, पाणी गार असलं की येते. पुढच्या वेळी त्यांनी पाणी फार गरम घेतलं, तर पुन्हा चक्कर, पण डोळे उलट्या बाजूला हलायला लागले. त्यांनी ताडलं की आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव गारठला की खाली सरकतो, तापला की वर चढतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आजही चक्कर येणाऱ्या पेशंटच्या कानात ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडून कोणता कान सुस्त आहे हे बघतात. आणि अतिदक्षता विभागात, अवयवदानाआधी मेंदू मृत झालाय का हे ठरवताना, कानात बर्फाचं पाणी सोडतात. डोळे जराही हलले नाहीत तर ती एक खूण असते. तिथे उभं राहून तो मिनिट मोजणं सोपं नसतं. कानातला मळ काढायला म्हणूनच कोमट, अंगाच्या तापमानाचं पाणी घेतात. घरी हा उद्योग करूच नका.

भोसरी, चाकणच्या प्रेस मशीनवर बोट तुटण्याचे अपघात होतात. लोक तुटलेलं बोट थेट बर्फात घालून आणतात. ते थिजतं आणि मग जोडता येत नाही. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट गार हवं, बर्फाला टेकलेलं नको. याने सर्जनला साधारण दुप्पट वेळ मिळतो. मुलाचा पक्का दात पडला तर मात्र पाणी नको, दुधात टाकून आणा. साध्या पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात.

‘गार हवं, पण गोठायला नको’ हीच अक्कल लसींच्या डब्यात वापरतात, आणि हे मला एका अनुभवी नर्सबाईंनी शिकवलं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच डब्यात भरले तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठते आणि निकामी होते, वरून बघून पटकन कळतही नाही. म्हणून आइसपॅक आधी बाहेर ठेवतात, घाम येऊ देतात, मग कानाशी धरून हलवतात. आत पाण्याचा डुचमळ आवाज आला की समजायचं आता तो शून्यावर आला. बर्फ आणि पाणी एकत्र असलं की तापमान शून्यावर थांबतं, खाली जात नाही. नर्सबाई हे ‘पॅक बोलायला लागला’ असं म्हणायच्या.

ह्याच न्यायाने, जन्मताना गुदमरलेल्या बाळाला पहिल्या सहा तासांच्या आत गार पाणी फिरणाऱ्या गादीवर ठेवून ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवतात, मेंदू वाचावा म्हणून. श्रीमंत देशांत याने फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, तेव्हा फायदा तर नाहीच, उलट मृत्यू जास्त दिसले. तिकडे चाललं म्हणजे इकडे चालेल असं गृहीत धरू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

घरातले बाकीचे उपयोग तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असतील. रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्यात टाकला की प्रथिन अंड्यासारखं गोठून कापडात बसतं. आमचे ॲप्रन याला साक्षीदार आहेत. ताक घुसळताना लोणी येत नसेल तर उन्हाळ्यात गार पाणी घालायचं, कारण स्निग्धाचे थेंब थोडे घट्ट झाल्याशिवाय एकमेकांना धरत नाहीत. लाडवांच्या गोळीबंद पाकाची परीक्षा तर अस्सल प्रयोगशाळा आहे. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, विरघळला तर कच्चा, बोटांनी मऊ गोळी वळली तर झाला. पाक तेव्हा साधारण ११२ ते ११६ अंशांवर असतो. माझी आई कधीच थर्मामीटर न लावता ते अचूक सांगायची, आणि वाटीतलं पाणी दर परीक्षेला बदलायची, कारण कोमट पाणी खोटं बोलतं.

घोळणा फुटल्यावर डोक्यावर पाणी थापायची पद्धत आहे. थापा हवं तर, पण नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून, पुढे वाकून, दहा मिनिटं न सोडता दाबा. रक्त थांबतं ते दाबल्याने. साप चावला तर बर्फ लावू नका, पाण्यात पाय बुडवत बसू नका, सरळ रुग्णालय.

निसर्गोपचाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुण्यात हा विषय टळत नाही. उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला, तिथलं गार पाण्याचं कटिस्नान, मातीच्या पट्ट्या घेऊन ताजेतवाने होऊन आलेले पेशंट माझ्याकडे आहेत. झोप लागते, खाणं आटोक्यात येतं, दिनचर्या लागते. माझी हरकत फक्त तिथून आल्यावर इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करणाऱ्यांना आहे.

शेवटी तुमच्या हाताचं. फोड फुटला असेल, पू दिसत असेल किंवा बोटं वळवताना ओढ बसत असेल तर येऊन दाखवा. आणि एक काम या आठवड्यात करून ठेवा. गच्चीवरची टाकी काळी प्लास्टिकची असेल तर दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरातला नळ सोडून हात धरून बघा. आमच्याकडे मे महिन्यात पहिली तीन-चार मिनिटं नळातून जवळजवळ चहाचं आधण येतं. भाजलेल्या हातावर ते ओतून कसं चालेल? म्हणून ओट्याखाली सावलीत एक बादली भरून झाकून ठेवलेली असते आणि तिच्यावर तांब्या पालथा घातलेला असतो.